पान, पतंग आणि फ्रीजवरचा बोर्ड

७ ऑक्टोबर, पालघर
नि. उशिरा आला. लोकल केळव्याला उभी करून ठेवली म्हणे. मी चपला घालून दारातच. बूट काढायला लागला तशी ओरडले, आधी बोर्ड. मग त्याने फ्रीजवरचा बोर्ड वाचला: 'ओवीला सर्दी, आंघोळ नको. गॅसवाला येईल. मराठीची वही सापडत नाही, शोधणे.' खाली 'घेतलं, नि.' लिहिलं, तेव्हा मी निघाले.

नवरा-बायको दोघंही विमानतळावर चेक-इनचे पाळीप्रमुख, कंपन्या वेगळ्या. तिथे पुढच्या पाळीने 'घेतलं' म्हटल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, तोच नियम घरात आणला. एकाची सकाळ तर दुसऱ्याची दुपार. दारात भेट होते तेवढीच. लोकांना सांगितलं तर हसतील, पण ओवी या बोर्डावरच चौथीपर्यंत आली.

१६ ऑक्टोबर
बातमी खरी. पान आणि पतंग एक होणार. (विमानाच्या शेपटीवर जे चित्र, तेच आम्हा एअरपोर्टवाल्यांच्या तोंडी कंपनीचं नाव. मी पान, नवरा पतंग.) आम्हाला सांगितलं कुणी, तर एका प्रवाशाने. बॅग काट्यावर ठेवता ठेवता काका म्हणाले, "पेपरात वाचलं. तुमचं आता काय हो होणार?" मी म्हटलं, "खिडकी देऊ की पॅसेज?"

घरी बोर्डावर नि.ची शेवटची ओळ: 'अभिनंदन. आता आपण एकाच कंपनीत.' खाली सवयीने 'घेतलं' लिहून टाकलं.

३ नोव्हेंबर
सुट्टी. तिघं मुरब्याला, सासरी. सासूबाई वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होत्या, तोंडात तोंड अडकवून, भराभर. त्यांना सांगितलं. हात न थांबवता विचारतात, "कोन कोनाला घेतय?"
मोठी छोटीला, म्हटलं. मी छोटीतली.
"मंग माजा पोरगा मोठीतला. बरा हाय." मग मात्र थांबल्या. "म्हंजे दोगांची होडी एकच झाली? ह्या आमच्याकडं नाय चालत. तुजा सासरा न् त्याचा भाव कवाच एका होडीत नाय गेले. माजी सासू जाऊच द्यायची नाय. एक दर्यात, त दुसरा किनाऱ्यावर."
नि. म्हणाला, "आई, विमानतळ आहे तो."
"मंग काय झाला?"
बोंबील घेऊन परत.

२१ नोव्हेंबर
दोन्ही कंपन्यांची मिळून एक ज्येष्ठता यादी लागली. विकत घेतलेली कंपनी खाली जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा. पण त्यांनी रुजू झाल्याची तारीख धरली. मी नि.च्या वर.

नि. म्हणाला, "बरोबर आहे." जेवताना परत म्हणाला, "बरोबरच आहे." दुसऱ्यांदा कुणी काही विचारलं नव्हतं.

१ डिसेंबर
आजपासून एक. केक कापला, फोटो काढले. राहिला पतंग. आमचं हिरवं पान सकाळी शिडी लावून उतरवलं आणि ट्रॉलीवर आडवं घालून नेलं, हरवलेल्या सामानासारखं. ओवी पोटात होती तेव्हाही मी त्याच पानाखाली उभी होते. जेवणाच्या सुट्टीत रडू आलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पावडर लावून परत काउंटरवर.

९ डिसेंबर
नवे गणवेश. दोघांचेही ढगळ, म्हणून बोईसरला नेहमीच्या टेलरकडे. त्याच्याकडे एमआयडीसीतले कामगार पॅन्टा घेऊन बसलेले, सगळं हिंदीत. टेलरने दोन्ही जाकिटं टेबलावर शेजारी शेजारी पसरली. "भाभी, पहले आपका हरा, साहब का नीला. अब झगडा हुआ तो पता कैसे चलेगा कौन किधर का?"
नि. खूप हसला. गाडीत बसल्यावर हसला नाही.

१८ डिसेंबर
नवा रोस्टर, पाळ्यांचा तक्ता. आता तो मशीन लावतं, आणि मशीनला नवरा-बायको कळत नाहीत. दोघांनाही महिनाभर दुपारपाळी. मग ओवीकडे कोण? सासूबाईंना आणलं. ऐन बोंबलाच्या दिवसांत त्या आल्या, वलांडी जावेच्या हवाली करून. होळीपर्यंत राहीन, पुढे नाय, हे रिक्षातून उतरायच्या आधीच सांगून टाकलं.

२६ डिसेंबर
सासूबाईंनी गॅलरीत दोरी बांधून बोंबील लावले. हात रिकामे बसत नाहीत म्हणे. सोसायटीचे सेक्रेटरी दारात. वास.
सासूबाई आतून, "त्याला सांग, उद्या कालवन देते, मंग नाय येनार वास."
दुसऱ्या दिवशी वाटी गेली. तक्रार मिटली. वाटी अजून आलेली नाही.

२९ डिसेंबर
बरोबर निघतो, बरोबर येतो. आम्हाला एकमेकांची सवय नाही, हे आत्ता कळतंय. नि. चहा बशीत ओतून पितो. कधीपासून? मी फोनवर बोलताना फेऱ्या मारते, त्याचा त्याला त्रास होतो. गाडीची वाट बघताना दोघं पाटीकडे बघत उभे. काय बोलायचं? आधी बोलायला काहीतरी असायचंच: दूध, गॅस, वही, ताप. आता जे त्याने बघितलं ते मीही बघितलेलं.

बोर्ड मोकळा. ओवी त्यावर मांजरी काढते. एका मांजरीला नव्या गणवेशाचा टाय घातलाय.

५ जानेवारी
एचआरच्या बाईंनी दोघांना एकत्र बोलावलं. छान बोलतात, दर वाक्याला मान हलवतात. नव्या कंपनीचा नियम: एका विमानतळावर, एका विभागात नवरा-बायको नकोत. इथे एकच राहील. दुसऱ्याला नागपूर. "तुम्ही घरच्या घरी ठरवा, आम्हाला पंधरा तारखेपर्यंत फक्त नाव कळवा. नाही कळवलंत तर आम्हाला ठरवावं लागेल."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्या बाईंचं नाव विचारून घेतलं. "शानी बाय हाय," म्हणाल्या. "मी काय बोलले होते?"

६ जानेवारी
नाश्त्याला.
नि.: "मग काय, कळवूया त्यांना."
मी: "हं."
ओवी: "काय कळवूया?"
नि.: "पोहे संपव."
चर्चा संपली.

११ जानेवारी
काउंटरवर पानवाले आणि पतंगवाले अजून वेगवेगळे डबे उघडतात. मी कुठे बसायचं? पानवाले म्हणतात ये, नि. म्हणतो ये. उभ्यानेच चहा घेतला.

नागपूरला माझं कुणीच नाही. नि.चा एक मित्र आहे तिथे, नात्यातल्यासारखा. म्हणजे त्यालाच सोपं. हे त्यालाही दिसत असेलच.

१४ जानेवारी
तिळगूळ. नि.ने माझ्या हातावर ठेवला, बोलला काही नाही. उद्या शेवटचा दिवस. त्याने कळवलं असणार. विचारायला हवं. पण विचारलं की 'तू जा' असं मीच म्हटल्यासारखं होईल. राहू दे.

१९ जानेवारी
मेल आली. दोघांना एकच.

'आपणाकडून कळवण्यात न आल्यामुळे...'

"तू कळवलं नाहीस?" दोघंही म्हणालो. बरोबरच म्हणालो, शब्दही तेच.
"मला वाटलं तू कळवलंस. मेल तूच लिहितेस नेहमी."
"कुणाचं नाव कळवणार होते मी?"
त्याने मलाच उलट विचारलं, "आणि मी कुणाचं कळवलं असं वाटलं तुला?"
मी मेल परत वरून वाचायला लागले.

इतकी वर्षं एकही गोष्ट मध्येच निसटली नाही. ना डोस, ना पालकसभा. जाणारा लिहायचा, येणारा घ्यायचा. आता जाणारा कोण आणि येणारा कोण? दोघं एकाच पाळीत, बोर्डावर मांजरी, आणि दोघांनाही वाटत राहिलं की दुसऱ्याने घेतलं असेल. आमच्या पाळीतल्या पोरांनी असं केलं असतं तर सोलून काढलं असतं त्यांना.

नाव माझं आहे. नागपूर विमानतळ, स्टेशनप्रमुख, म्हणजे तिथलं कंपनीचं सगळं माझ्याकडे. यादीत वर असल्यामुळे. बढती. रुजू व्हायचं दहा फेब्रुवारीला.

२० जानेवारी
हे दुसरीकडे कुठे बोलणार नाही, म्हणून इथे. मेल वाचली तेव्हा पहिल्यांदा आनंद झाला. ओवी आठवली, नि. आठवला, पण नंतर. आधी आनंदच. अख्ख्या स्टेशनचं काम, माझ्या हाताखाली. त्या आनंदाची लाज वाटतेय का हे तपासलं. थोडी वाटतेय. फार नाही.

२४ जानेवारी
नि.ला मुरब्याहून चुलतभावाचा फोन. स्पीकरवर होता, मी ऐकतेय हे भावाला माहीत नव्हतं. "काय रं, बायको सायब झाली न् तू घरी भांडी घासनार?"
नि. म्हणाला, "भांडी मी आताही घासतो."
खरं आहे. घासतो. पण फोन ठेवल्यावर आज घासली नाहीत.

२८ जानेवारी
सासूबाई बोंबील गुंडाळत होत्या, आवराआवर आतापासून. विचारलं, होळीनंतर थोडं थांबाल का, मी तिकडे गेले तर?
"नाय." रागाने नाही. "माजा काम हाय तिकडं. मी तुज्या लेकराला सांभालेन, पन मुरब्याला. हितं नाय. न् त्याचा बाप जिता हाय ना?"
"आहे."
"मंग त्याला विचार. मला काय विचारते?"

तेवढंच तर होत नाही. ओवीची शाळा इथे, तिचा बाप इथे. त्याची पाळी आता मशीनला सांगून सकाळची करून मिळते, मी चौकशी केली. शेजारच्या ताई सकाळी शाळेपर्यंत आणि दुपारी दोन तास बघतील. सगळं जमतं. फक्त तो 'मी बघतो' म्हणायला हवा. न म्हटला तर मी जाणार नाही. नोकरी सोडेन की काय करेन, माहीत नाही, पण तसं टाकून जाणार नाही. हे मात्र ठरलं.

२ फेब्रुवारी
विचारलं. शेवटी विचारलं. स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत.
"जमेल का तुला?"
"तुला जायचंय ना?"
"हो."
हे एवढं तोंडून पहिल्यांदा निघालं. तो रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करायला लागला. नेहमी करत नाही.
घरी येऊन म्हणाला, "मी काही तिला वेणी घालू शकत नाही." 
"केस कापू."
ओवी आतून ओरडली, "नाही कापायचे!"

६ फेब्रुवारी
नि. यूट्यूबवर वेणी शिकतोय. बोंबलाची दोरी घेऊन बसला होता. सासूबाईंनी बघितलं, दोरी काढून घेतली आणि त्याच्या हातात जुनी ओढणी दिली. तीन भाग करून. मी दारातूनच मागे फिरले.

म्हणजे हो? की नुसता वेळ घालवतोय? विचारलं नाही. परत तीच चूक करतेय, हे कळतंय.

९ फेब्रुवारी
बॅग भरली. गाडी दुपारची.

सकाळी बोर्ड पुसला. ओवी कुरकुरली, एक टायवाली मांजर कोपऱ्यात राहू दिली. मग लिहायला बसले. नि. शेजारीच उभा, बशीत चहा. समोर माणूस असताना बोर्ड लिहायची ही पहिलीच वेळ. अक्षर बारीक काढावं लागलं:

'सोमवारी पी.टी.चा गणवेश. खोकल्याचं औषध वरच्या फळीवर, तिला हात पुरतो, लपवणे. गणितात घाबरते, ओरडायचं नाही. झोपताना दिवा बंद, दार उघडं. आई होळीला मुरब्याला जातील, थांबवू नये. शेजारच्या ताईंना किल्ली दिली आहे. सेक्रेटरींकडून वाटी आणणे. रोज एकदा फोन, ओवी करेल, तू आठवण करणे. बाकी सगळं तुला माहीत आहे.'

खाली 'घेतलं'साठी एक ओळ मोकळी सोडली. पेन खाली ठेवलं नाही, त्याच्यापुढे धरलं.

त्याने सगळं वाचलं. वरून खाली. परत वरून. पेन घेतलं. टोपण काढलं. ओवी खुर्चीवर चढून बघत होती. सासूबाई स्वयंपाकघरात, पण भांड्यांचा आवाज थांबलेला.

मग त्याने टोपण परत लावलं आणि म्हणाला, "तू बूट घाल आधी. उशीर होईल."

बूट घातलेत. बॅग दाराशी आहे. हे दारातल्या स्टुलावर बसून लिहितेय. तो आत बोर्डासमोरच उभा आहे, पाठ माझ्याकडे, पेन हातात. रिक्षावाला खालून हॉर्न देतोय.

नियम मीच आणला होता. मी काही उठत नाही.