पंख्याचा अर्धा फेरा

शिरपूर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

अक्काच्या कॉम्प्युटरला आज नवी रॅम बसवली, पण डोक्यात घोळतोय तो पंख्याचा अर्धा फेरा. तिच्या शिवणक्लासचे सगळे नमुने कॉम्प्युटरमध्येच आहेत, म्हणून ती शेजारी जीव मुठीत धरून बसलेली. मी वायर काढली, झाकण उघडलं. हात आत घालणार तेवढ्यात आठवलं, आधी चालू करायचं बटण दाबून धरायचं असतं. उगाच, असं वाटलं. तरी दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला!

"तार तं काढेल शे ना! मंग कसा फिरना?" अक्का मागेच सरकली.

आत उरलेली वीज. तशीच रॅम बसवली असती तर जळूही शकली असती, कदाचित आतला मुख्य बोर्डही. मग अंगातली वीज उतरावी म्हणून कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोटं टेकवली, देवाच्या पायांना टेकवावीत तशी. म्हणजे माझ्यातही आहेच की ती! रॅम टक्‌कन बसली. नमुने सगळे जागेवर.

इथे लाइट रोज जाते. गेली म्हणजे गेली, एवढंच मला माहीत. जाताना थोडी मागे राहते?

आत्ता हे लिहीत असतानाच अक्का आतून ओरडली, "गयी लाइट!" मी वर पाहिलं. छताचा पंखा अजून फिरतोय.