चिनी गोळी

१४ नोव्हेंबर २००६
पुसदची नणंद आली. आत्याबाईंसाठी, म्हणजे तिच्या आईसाठी, गोळ्यांची बाटली आणली. "चिनी गोळी हाये वैनी. पायाची आग जाते. दवाखान्याच्या गोळीसंग चालते." चिनी म्हणजे साखर, साखरेच्या आजाराची गोळी. हो म्हटलं. दोन्ही मीच देते.

१९ नोव्हें.
आग खरंच कमी. आत्याबाई कापूस वेचायला निघाल्या. "कोंबडीवानी अंड्यावर बसून राह्यली माह्यावर. सरक." हे टाचेच्या जखमेनं, साखरेनंच गेले. त्यांच्यामागे घरात आम्ही दोघीच. बरं वाटतंय, पण लिहायची भीती वाटते.

२३ नोव्हें.
वेचताना आत्याबाई घामानं भिजल्या, खाली बसल्या. मला ह्यांच्या नावानं हाक मारली. गावातली नर्सबाई धावत आली, म्हणाली साखर चाटव. तीन वर्षं साखर घरात येऊ दिली नाही. शेजारणीकडून आणली, बोटानं चाटवली. हळूहळू मला ओळखलं.

२४ नोव्हें.
बाभुळगावचा दवाखाना. डॉक्टरांनी बाटली पाहिली. "ही चीन देशातली आहे. चिनी औषध वाईटच, असं मी म्हणत नाही. पण यात काय आहे ते मला वाचता येत नाही. अशा गोळ्यांत कधी शुगरची जोरदार गोळी मिसळलेली असते. वरून आमची. दोन्ही मिळून साखर फार उतरते. पुन्हा उतरली तर जीव जाईल. ही बंद."
किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून मी वाचायला शिकले. बाटलीवर खिडक्या असलेल्या झोपड्यांसारखी अक्षरं होती. मी नीट पाहिलीच नाहीत.

२८ नोव्हें.
पाय पुन्हा पेटले. बाटली हळदीच्या डब्यात लपवली आहे.
"थे गोळी दे."
"डॉक्टर नाही म्हणाले."
"माह्या पोराले वाचवलं का तुह्या डॉक्टरनं?"


२ डिसेंबर
दोन दिवस झाले, पायाचं नाव काढलं नाही. आत्याबाई ओसरीत वाती वळतायत, गुणगुणतायत. डबा उघडून पाहिला. बाटली जागच्या जागी, गोळ्याही तेवढ्याच. देवाला हात जोडले.

३ डिसें.
सकाळी शेजारच्या फोनवर नणंद. "दुसरी बाटली भेटली नं आईले?"
घरी येऊन विचारलं. "कोणती बाटली वं?" मान वर केली नाही. कपाळावर घाम. चुलीजवळ बसल्या होत्या, त्याचाही असेल.
पदराला साखरेची पुडी बांधली आहे. दवाखान्याची सकाळची गोळी अजून माझ्या मुठीत आहे. द्यायची वेळ टळून गेली.