आसियाभाभींचा काचेचा बाऊल

पनवेल,
२१ एप्रिल २०२५

चि. वरद यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन ओढ्यात पडल्याचं तुझ्या गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी कळवलं. तीन वर्षांतला हा तिसरा. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू नुसतं हो-हो करून ठेवून देतोस, पत्राला निदान उत्तर तरी द्यावं लागेल. शिवाय तुझे काका फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला बोलू देत नाहीत, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको.

मार्चमध्ये काकांना चक्कर आली. रक्तातली साखर निघाली तीनशे वीस. चार दिवस दवाखान्यात होतो. बिल्डिंगमध्ये मात्र पुण्याला लग्नाला गेलो होतो असं सांगितलं, कारण काकांनी मला शपथ घातली आहे. ऑफिसात बिनसाखरेचा चहा मागणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टिंगल केली, आता त्यांच्यात जाऊन बसायची लाज वाटते.

घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी रमजान ईद. समोरच्या आसियाभाभींनी नेहमीसारखा शिरखुर्मा पाठवला, त्याच निळ्या फुलांच्या काचेच्या बाऊलमधून. काका हॉलमध्ये बसून बाऊलकडे असे बघत होते की मला धडकीच भरली. तेवढ्यात नेऱ्याचा गणू दूध घेऊन आला. मी अख्खा बाऊल त्याच्या हातात दिला. त्याने जिन्यातच उभ्याने संपवला आणि पुढच्याच मिनिटाला समोर दूध घालताना भाभींना सांगितलं, की ताईंनी दिलेला शिरखुर्मा लय भारी व्हता, आमी बोटं चाटून खाल्ला.

तेव्हापासून भाभी आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर सलाम करतात, पण खाली बघून. त्यांच्या झकेरियाभाईंचं आणि काकांचं वडाळे तलावावरचं संध्याकाळचं फिरणंही बंद झालंय. अठ्ठावीस वर्षांचा शेजार आहे रे. दुसऱ्या कुणाकडे किल्ली ठेवायचीसुद्धा मला सवय नाही.

बाऊल माझ्याच कपाटात आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. पण भरू कशाने? मी जन्मात त्यांना विकतची मिठाई दिलेली नाही, आता दिली तर तोंडावर मारल्यासारखं होईल. घरात गोड केलं तर अर्धं काकांच्या पोटात जाईल. तू तीन वर्षं कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत राबतोयस, तर कमी कॅलरीचं, साध्या घरच्या जिनसांतलं काहीतरी गोड सांग. आहारतज्ज्ञ बाईंच्या चार्टमुळे कॉर्नफ्लेक्सचं पाकीट घरात आलंय, ते काका बघतसुद्धा नाहीत. त्याचं काही होतं का?

आणि हो, माझा लाडवांचा पितळी डबा तुझ्याकडेच आहे. मी विसरलेले नाही.

अंगावर गरम कपडे असू देत.
तुझी,
कुमुदमावशी


बीर, हिमाचल,
२ मे २०२५

ती. स्व. मावशीस,
वरदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने खाली चहावाल्याकडे टाकलं, चहावाल्याने त्यावर भजी ठेवली, म्हणून साखरेचा आकडा मला आधी दोनशे वीस वाटला. उन्हात धरून वाचला तेव्हा तीनशे वीस निघाला. काकांना सांग... नाही, काही सांगू नकोस, मला माहीतच नाहीये ना.

इथे सकाळी सगळे आकाशातून उड्या मारायला जातात, छत्री बांधून. त्याआधी मी त्यांना नाश्ता देतो. एक मद्रासचे आजोबा आहेत, सत्तरीचे, ते रोज उडी मारायला तयार होतात आणि रोज नाश्ता करून परत झोपतात. हे कुठून निघालं? हां, कॉर्नफ्लेक्स.

मावशे, तुला आठवतं का, आपल्याकडे कॉर्नफ्लेक्स दुकानातून येत नसत, कुवेतहून येत. झकेरियाचाचा सुट्टीवर आले की दोरीने आवळलेले खोके जिन्यात उतरायचे आणि मी आणि त्यांचा नोमान वरच्या पायरीवर बसून वास घ्यायचो. साबण, अत्तर, नवं प्लास्टिक. कॉर्नफ्लेक्सचा खोका नोमानच्या उशाशी असायचा. मला त्याने एकदा सात पाकळ्या मोजून दिल्या होत्या आणि बदल्यात माझी सगळ्यात चांगली गोटी घेतली. आता कामोठ्याला क्लासमध्ये पोरांना गणित शिकवतो म्हणे. बरोबर आहे.

मग चाची त्याचं गोड करायच्या. कर्नाळ्याला गेलो होतो दोन्ही घरं मिळून, तेव्हा हाच निळ्या फुलांचा बाऊल होता, वर ताटली, ताटलीवर फडकं बांधलेलं. माकडाने फडकं ओढून नेलं आणि काका त्याच्यामागे छत्री घेऊन धावले. आम्ही झाडाखाली बसून तो बाऊल पुसून संपवला. गार दूध, वर ते कुरकुरीत काहीतरी, आणि एक वास. त्या वासाचं नाव काही केल्या आठवत नाही. कधी पानाच्या टपरीसमोरून जाताना मध्येच येतो आणि मी थांबतो. इतकं गोड मी नंतर कुठेच खाल्लं नाही. बरंच खाऊन बघितलं.

तर कृती. इथे आम्ही घट्ट दह्यात सफरचंद किसून घालतो, वर कॉर्नफ्लेक्स. नाहीतर दुधात कॉर्नफ्लेक्स आणि थोडा गूळ. साखर नको, गूळ चालतो, गूळ नैसर्गिक असतो.

पण खरं विचारशील तर चाचींना सरळ सांगून टाक ना. शपथ मोडली तर मी काकांच्या पाया पडेन, इथूनच.

डबा आहे. सध्या त्यात स्क्रू, दोन मेणबत्त्या आणि एक चांगला दगड आहे. भरण्यासारखं काही हाताला लागलं की घेऊन येतो असं म्हणत राहिलो, त्याला तीन वर्षं झाली. तुझंच शिक्षण, रिकामा कसा आणू?

माया पातळ होऊ देऊ नकोस, दूध झालं तरी चालेल.
तुझा,
वरद


पनवेल,
१३ मे २०२५

चि. वरद यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नैसर्गिक गुळाने घात केला. मी आपली खिरीसारखं करायला गेले. दूध उकळलं, कॉर्नफ्लेक्स त्यात टाकून शिजवले, गूळ घातला. पाच मिनिटांत पाकळ्या विरघळून खळ झाली. पतंगाचे कागद चिकटले असते. काकांनी मात्र दोन वाट्या खाल्ल्या आणि कॉर्नफ्लेक्सबद्दल आपला गैरसमज झाला होता असं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी साखर दोनशे साठ. डॉक्टरांनी मला विचारलं, की गूळ हा साखरेचा भाऊ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का. मी काय सांगू, की भाचा हिमाचलात शेफ आहे?

मग दही-सफरचंद केलं. त्यात माझी चूक अशी, की कॉर्नफ्लेक्स सकाळीच कालवून ठेवले आणि दुपारी वाढले. काकांनी एक घास घेतला आणि दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला होता ना, असं विचारलं.

आसियाभाभींना सांग म्हणतोस ते बरोबर आहे, पण मला जमत नाही. छत्तीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ते वरून हसतात-बोलतात, पण मनातून फार घाबरलेत. रात्री पाय तपासून बघतात, मुंग्या येतात का म्हणून.

संध्याकाळी साडेपाचला ते गॅलरीत जाऊन बसतात. खालून झकेरियाभाई एकटेच तलावाकडे निघतात. फाटकाशी क्षणभर थांबतात. दोघंही दुसरीकडे बघतात. हे रोज चाललंय, आणि मी आत पोळ्या लाटत असते.

कपाट उघडलं की बाऊल समोर दिसतो. त्याच्यापुढे मी डाळीचे डबे लावून ठेवलेत.

स्वतःला जप. गूळ कुणाला सुचवू नकोस.
तुझी,
कुमुदमावशी


बीर,
२४ मे २०२५

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला दहावीला विज्ञानात छत्तीस मार्क होते हे तू विसरलीस, चूक निम्मी तुझी. पण खरंच सॉरी. दोनशे साठ वाचून मी भांडी घासायचा थांबलो आणि मालकीणबाईंनी विचारलं की घरी कोण गेलं. कुणी गेलं नाही म्हटलं, मीच गेलोय.

मी इथे बसून चाचींचं ते गोड करायचा नाद घेतलाय. वेलची घालून बघितली, नाही. दालचिनी, नाही. जायफळ घातलं तेव्हा मद्रासचे आजोबा दुपारपर्यंत झोपले. तो वास काही सापडत नाही. मी सात वर्षांचा असताना आईने मला तुझ्याकडे शाळेसाठी ठेवलं, तो पहिला दिवस आठवतो? मी दाराच्या मागे जाऊन बसलो आणि कुणाशी बोलेना. तू मला एक रिकामा बाऊल दिलास. रिकामा नव्हता, चुकलो, तू त्यात बेसनाची एक वडी ठेवलीस आणि समोर देऊन ये म्हणालीस. मी गेलो. चाचींनी वडी काढून घेतली, बाऊल भरून माझ्या हातात दिला. मी परत आलो. नंतर किती वर्षं तेच करत होतो, इकडून तिकडे. मला वाटतं मला फिरायची सवय तिथेच लागली असेल. दोन दारांत सहा पावलं होती फक्त.

तर मी काय विचार केला. भांडं रिकामं देऊ नये असा नियम आहे. चांगलं लागलं पाहिजे असा नियम कुठे आहे? तू ते दही-सफरचंदाचं कर, कॉर्नफ्लेक्स आयत्या वेळी घाल, आणि बाऊल भरून ने. बेचव तर बेचव. चाची नावं ठेवतील, पण नावं ठेवायला तरी बोलावं लागेल ना? सात जूनला बकरी ईद आहे, त्याच्या आधी ने. शपथही मोडत नाही.

मी पुढच्या महिन्यात इथून निघतोय. एक ट्रकवाला लेहला जातो, तो नेतो म्हणालाय. किंवा दुसरा कुणी दुसरीकडे. तीस जूनपर्यंत हाच पत्ता.

आशीर्वादात कपात नको, त्यात कॅलरी नसतात.
तुझा,
वरद


पनवेल,
९ जून २०२५

चि. वरद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गेले बाबा. पाच तारखेला सकाळी, काका आंघोळीला गेल्यावर. दही, सफरचंद, वर मूठभर कॉर्नफ्लेक्स, ताटली झाकून. सहा पावलं म्हणतोस तू, मला कर्नाळ्याचा किल्ला चढल्यासारखं वाटलं.

भाभींनी दार उघडलं, बाऊल बघितला, माझ्याकडे बघितलं. आत या म्हणाल्या नाहीत. तिथेच उंबऱ्यात उभ्या राहून चमचा मागवला आणि एक घास घेतला. बराच वेळ घोळवला. मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि हळूच काकांबद्दल विचारलं, की अविनाशभाईंना कधीपासून आहे.

मी एक शब्द बोलले नव्हते, वरद. शपथ शाबूत होती. मला तिथेच रडू फुटलं.

त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. वरच्या फळीवरून कस्टर्ड पावडरचा जुना डबा काढला. त्यात झकेरियाभाईंच्या साखरेच्या गोळ्या. बावीस वर्षं झाली म्हणे. कुवेतला कंपनी दरवर्षी तपासणी करायची, कळलं तर नोकरी जाईल म्हणून नवराबायकोने कुणाला कळू दिलं नाही. पुढे नोकरी संपली, पण लपवायची सवय तेवढी राहिली. बिनसाखरेची चव कशी असते हे मला कोण शिकवणार, असं म्हणाल्या. आणि भांडल्यासुद्धा, अगदी मनापासून. शिरखुर्मा गणूला दिला त्याचा राग नाही, म्हणाल्या, मला पुण्याचं लग्न सांगितलंत त्याचा आहे. मी मग कस्टर्डच्या डब्याकडे बघितलं, तेव्हा त्यांना हसू आलं.

आतून झकेरियाभाई ओरडले, की गुपितं वाटायलाच बसला असाल तर एक वाटी इकडेही येऊ द्या.

आता ऐक. तू जे कर्नाळ्याला पुसून खाल्लंस आणि ज्याच्याइतकं गोड तुला कुठे मिळालं नाही, त्यात साखर नव्हतीच. चाचांसाठी केलेलं होतं, पोरांनाही तेच द्यायच्या. सायीशिवायचं दूध, त्यात बडीशेपेची पुरचुंडी टाकून मंद आचेवर आटवायचं, गार करायचं. सहा माणसांत दोन खजूर, बारीक चिरून. कॉर्नफ्लेक्स कोरडेच तव्यावर परतायचे, चिमूटभर मीठ लावून, आणि खायला बसल्यावरच वर घालायचे. तुझा तो वास बडीशेपेचा. इतकी वर्षं पानाच्या टपरीसमोर उभा राहिलास, आत जाऊन विचारायचंस तरी.

काकांना सांगावंच लागलं. आधी चिडले. मग साडेपाच वाजले, खालून झकेरियाभाईंनी हाक मारली, की दोनशे साठवाले, खाली या. आता दोघं तलावाला फेऱ्या मारतात आणि शाळेतल्या मार्कांसारखे साखरेचे आकडे सांगतात. कालचा दिवस काकांचा, एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरांनी एक लहान वाटी चालेल म्हटलंय, तीही रोज नाही.

भाभींनी तुझ्यासाठी चार ओळी दिल्यात, त्या सांगतील तशा उतरवते.

वरदबेटा, दुआ. तुझ्या मावशीने आणलेलं ते गोड माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बेचव होतं. नोमानला सांगितलं, तो कामोठ्याहून फोनवर हसत होता. तुझी गोटी अजून त्याच्याकडे आहे, परत द्यायची नाही म्हणतो. बाऊल परवा मी भरून पाठवला आहे, तो आता तुमच्या घरी आहे. न्यायला-आणायला माणूस नाही. माझे गुडघे दुखतात. आसियाचाची.

पुढे मी लिहिते. बाऊल धुऊन ओट्यावर ठेवलाय. कपाटात नाही ठेवला.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. डब्याचं जे लिहिलंयस ते मी आधी हसण्यावारी नेलं होतं. लेहला काय मिळेल, कुठे काय मिळेल, आणि मग डबा भरेल, आणि मग तू येशील, हे कळलं मला. लाडू देऊन पाठवलं त्या दिवशी मीच सांगितलं होतं, की डबा रिकामा आणू नकोस. पण रिकामं भांडं परत द्यायचं नाही हा शेजाऱ्यांचा रिवाज आहे, बाळा. घरच्यांना तो लागू नाही. स्क्रू आण, मेणबत्त्या आण, तो दगड आण. काहीच नसलं तर नुसता डबा आण.

बडीशेप मी आणून ठेवली आहे.

तुझी वाट बघणारी,
कुमुदमावशी