हँडल खाली वाकलेली बाईक

५ सप्टेंबर
रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे. वजन उतरवा, रोज घाम निघेल असं काहीतरी करा, तीन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही हेच निघालं तर गोळ्या, आणि त्या मग जन्माच्या. लॅब डॉक्टरांच्याच जिन्याखाली आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. त्यांचा वजनकाटाही भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. असा काटा जास्तच दाखवणार.

घरी बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, तुमच्या बाबांचंही ह्याच वयात सुरू झालं होतं. आणि आत निघून गेली. बाबांची गोष्ट वेगळी. आधी त्यांची नजर गेली, मग किडनी, आणि साठी काही त्यांनी पाहिली नाही. पण बाबा कुणाचं ऐकायचेच नाहीत. मी ऐकतो. फक्त आधी खात्री करून घेतो.

आजपासून साखर बंद. म्हणजे चहातली. बिस्किटातली साखर भट्टीत भाजली जाते, त्यामुळे तिच्यात तेवढा जोर राहत नसावा.

८ सप्टेंबर, पहाट
पळायला जायचं म्हणून उठलो. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर एक माणूस विनाकारण उभा. इतक्या पहाटे सरळमार्गी माणूस कशाला उभा राहील? परत झोपलो.

नंतर ही म्हणाली, अहो, तिथे बसचा थांबा आहे. असेल. पण बस आलेली मी पाहिली नाही.

११ सप्टेंबर
दुकानाच्या मागच्या दाराशी जाहिरातींचा फळा आहे. तिथे आज एक चिठ्ठी: रोड बाईक, फारशी न वापरलेली, फिटनेससाठी उत्तम, गुडघ्याच्या त्रासामुळे विकणे आहे. किंमत नव्याच्या निम्म्याहूनही कमी!

कुठेतरी पाणी मुरतंय. विजेच्या वस्तूंच्या दुकानात परत आलेल्या मालाच्या काउंटरवर मी उगाच केस पांढरे केलेले नाहीत. मिक्सर 'न वापरताच' परत आणणाऱ्या बाईच्या भांड्यात मी लसणाचा वास पकडलेला आहे. मला शेंडी लावणारा अजून जन्माला यायचाय.

तरी चिठ्ठी काढून खिशात घातली. दुसऱ्या कुणाची फसवणूक व्हायला नको.

१२ सप्टेंबर
हिला सांगितलं, बाईक घेतोय. ती म्हणाली, सायकल होय? मग घ्या की, आजच घ्या. मी समजावलं की सायकल म्हणजे दूधवाल्याची. ही रोड बाईक. हँडल, गिअर, टायर, सगळं वेगळं असतं. ती म्हणाली, पायडल मारायला लागतं ना? मग झालं तर. काही फरक हिला कळत नाहीत, त्याला माझा इलाज नाही. ह्या घरात तिला बाईकच म्हटलं जाईल.

१५ सप्टेंबर
आधी तयारी. हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली आणि सायकलस्वारांची (बाईकस्वारांची) ती घट्ट चड्डी घेतली. चड्डीच्या बुडाला आतून काहीतरी जाडजूड भरलेलं लागलं. कपड्यात चिंध्या कोंबून वजन वाढवण्याची ही जुनी युक्ती. कात्रीने उसवलं. आत स्पंज निघाला. हिने विचारलं, तो बसायला मऊ लागावं म्हणून तर नसेल? उसवलेला भाग आता शिवायला तिच्याकडे दिलाय. ती हसत हसत शिवतेय. बऱ्याच दिवसांनी हसली.

१९ सप्टेंबर
बाईक पाहून आलो. विकणारे गृहस्थ शाळेत कवायत शिकवायचे, आता निवृत्त. मास्तर म्हणतात त्यांना. गुडघ्याला पट्टा. (पट्टा कुणीही बांधेल.) बाईक झोपायच्या खोलीत, वर चादर. सरळ व्यवहारातली वस्तू माणूस चादरीखाली कशाला ठेवेल?

चादर काढली आणि एकेक भानगड बाहेर आली. हँडल पार खाली वाकलेलं, म्हणजे जबरदस्त अपघात. टायर झिजून झिजून बोटाएवढे उरलेत. स्टँड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. चोरीच्या मालाचे सुटे भाग आधी काढून विकतात, हे पोर पण सांगेल. सीट तर अर्धीच दिलीय. मास्तर म्हणाले, उचलून बघा. उचलली. एका हाताने उचलली गेली! टिचकी मारून पाहिली. आतून पोकळ.

मी नुसता हुं हुं करत राहिलो. कागद मागितले. मास्तर म्हणाले, कसले कागद हो हिचे? चेसिस नंबर विचारला. ते म्हणाले, खाली कुठेतरी खोदलेला असेल, मला वाकता येत नाही, तुम्हीच बघा. वाकलो. पोट मध्ये आलं. उठताना मास्तरांनी हात दिला.

मग त्यांनी मला एकच विचारलं: रोज चालवाल ना? विकणाऱ्याने विचारायचा प्रश्न आहे का हा? पैसे घ्या आणि गप्प बसा. विचार करून सांगतो म्हणून पाय काढता घेतला.

२० सप्टेंबर
हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तशा सायकलींचं हँडल तसंच असतं, शर्यतीत दाखवतात की. शर्यतीत पडतातही. दाखवतात तेही.

२९ सप्टेंबर
मास्तरांचा फोन. घेताय का, म्हणे, अजून दोघं विचारून गेलेत, पण तुम्हाला गरज जास्त दिसली म्हणून थांबलोय. अजून दोघं! हे वाक्य मी आमच्या दुकानातल्या पोरांना शिकवतो. म्हटलं, घाई नाही.

आज चहात अर्धा चमचा घेतला. ताण.

६ ऑक्टोबर
ही रोज एकच विचारते. घेतली का. काल म्हणाली, फसलात तर फसलात, एवढ्याशा पैशात फसून तब्येत सुधारत असेल तर मी म्हणते फसाच. असं बोलणाऱ्या बाईशी वाद काय घालायचा? तिचा आवाज जरा चढला होता. मग म्हणाली, बाबांच्या शेवटच्या वर्षात पेपर मी वाचून दाखवायचे, तुम्ही दुकानात असायचात. ह्याचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

उद्यापासून जिना चढायचा. लिफ्ट बंद. (लिफ्ट माझ्यापुरती बंद, असा अर्थ.)

७ ऑक्टोबर
लिफ्टने आलो. जिन्यात कुणीतरी पाणी सांडलं होतं. मुद्दाम असेल.

१४ ऑक्टोबर
तळमजल्यावर हवालदार राहतात. पोट माझ्यापेक्षा एक बोट पुढे, पण माणूस कामाचा. गेटपाशी भेटले तेव्हा सहज खडा टाकून पाहिला. म्हटलं, साहेब, एक बाईक आहे. जवळजवळ नवी. निम्म्याहून कमी किमतीत काढलीय. मालकाकडे कागद नाहीत, चेसिस नंबर विचारला तर टाळतो, अपघात झालाय, सुटे भाग गायब, आणि गडी ती झोपायच्या खोलीत चादरीखाली लपवतो.

हवालदार एकदम ताठ झाले. बाईक? बेडरूममध्ये? म्हणे आपल्या भागातून महिन्याभरात कितीतरी बाईक उचलल्या गेल्यात, वरून रोज बोलणी खावी लागतायत. पत्ता घेतला. कितव्या मजल्यावर, तेही विचारलं. म्हटलं तिसऱ्या. ते म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर चढवली म्हणजे टोळी असणार, एकट्याचं काम नाही.

माझा संशय पोलिसांनाही पटला. रात्री झकास झोप लागली.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
हवालदार दोन शिपाई घेऊन गेले! आमच्या माल पोचवणाऱ्या पोराने पाहिलं. मास्तरांच्या मजल्यावर सगळ्यांची दारं उघडी, लोक जिन्यात उभे. मास्तर दारात काठी धरून उभे होते आणि त्यांना नीट बोलता येत नव्हतं, म्हणाला. बोलता येईलच कसं? चोरी पकडली गेल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते.

हिला म्हटलं, बघ. वाचलो की नाही? तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, अहो, तुम्ही त्यांना सायकल म्हणून सांगितलंत का बाईक म्हणून?

१६ ऑक्टोबर, जेवणानंतर
हवालदार वर येऊन गेले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, सायकल होती! मी दोन माणसं घेऊन, वर्दी चढवून, एका म्हाताऱ्याच्या दारावर काठी आपटली आणि आतून सायकल निघाली! सायकल म्हणायला तुमची जीभ झिजत होती का? मास्तरांच्या शाळेत माझी बहीण शिकलीय!

मी शांतपणे सांगितलं की इंग्रजीत सायकललाही बाईकच म्हणतात. ते म्हणाले, मग बाकीची तक्रारही इंग्रजीतच करायची होतीत.

ही मध्ये पडली, पाणी दिलं, माफी मागितली. माझ्या वतीने मागितली, हे मला आवडलं नाही. दार लावून ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर सगळी आधीच घासलेली होती.

१७ ऑक्टोबर
शांत डोक्याने विचार केला. झालं ते एका अर्थी उत्तमच झालं. बाईकची पोलिस तपासणी झाली. फुकट. चोरीची नाही हे सिद्ध. एवढी खात्री करून बाईक घेतलेला दुसरा माणूस दाखवा.

निर्णय पक्का. रविवारी घ्यायची. सोमवारपासून पहाटे तासभर. दीड महिना उरलाय, भरपूर झाला.

२० ऑक्टोबर
रविवारी पाहुणे येतील असं वाटत होतं. आले नाहीत. पण आले असते तर?

२३ ऑक्टोबर
गेलो मास्तरांकडे. दार त्यांनी अर्धंच उघडलं. म्हणाले, दिली. कुणाला, विचारलं तर म्हणाले, ज्याने विचार करून सांगतो म्हटलं नाही त्याला. मी ओळखलं, भाव वाढवतायत. म्हटलं, थोडे वर देतो. मास्तर म्हणाले, कितीही वर दिले असतेत तरी तुम्हाला देणार नव्हतो. चाळीस वर्षं पोरांना कवायत शिकवली, पण जिन्यात उभं राहून लोकांनी आमच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

मी खाली आलो. दोन मजले उतरेपर्यंत वाटत होतं, हाक मारतील. विक्रीतली माणसं शेवटच्या पायरीवर हाक मारतात. ह्यांनी मारली नाही.

३ नोव्हेंबर, पहाट
बसथांब्यावरच्या माणसावर नजर ठेवायला उठलो होतो. खालून हवालदार निघाले. खांद्यावर बाईक. एका हाताने धरलेली. दारातच टांग टाकली आणि कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. हँडल तसंच वाकलेलं, टायर तसेच बारीक, आणि हवालदार वाऱ्यासारखे.

तपासाला गेलेला माणूस माल घेऊन घरी आला! ह्याची वरपर्यंत तक्रार करता येईल. हिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, पूर्ण किंमत मोजून घेतली त्यांनी, वर माफी मागितली, मास्तरांनी चहा पाजला. हे हिला कसं माहीत? तर ही स्वतः जाऊन मास्तरांना भेटून आलीय. माझ्या घरात माझ्या पाठीमागे काय काय चाललंय!

१८ नोव्हेंबर
हवालदारांचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. मला वाटतं पट्टा नवीन असावा.

हेल्मेट घालून घरात थोडा वेळ बसलो. सवय राहावी म्हणून.

६ डिसेंबर
परत तपासणी. साखर काठ ओलांडून पलीकडे गेली. मी विचारलं, नमुना माझाच कशावरून? डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव दाखवलं. माझंच होतं. अक्षरही माझंच.

व्यायाम काय केलात, विचारलं. म्हटलं, तीन महिने बाईकचंच चाललं होतं. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, तीच तर अडचण आहे. बाईकवरून जरा उतरा हो. जमलं तर साधी सायकल घ्या.

मी हिच्याकडे पाहिलं. एरवी एवढ्यावर ती पोट धरून हसली असती. ती चिठ्ठीवरची गोळ्यांची नावं वाचत होती. बाबांचीही हीच होती, म्हणाली. हळूच म्हणाली, डॉक्टरांना ऐकू गेलं नाही.

मला भीती वाटली. पहिल्यांदाच. कुणाची ते कळलं नाही, कारण समोर संशय घ्यायला कुणीच नव्हतं.

७ डिसेंबर
गोळी घेतली. पट्टीवरची तारीख तपासली होती. बरोबर होती.

संध्याकाळी ही म्हणाली, चला. नुसतं चालायचं, काही विकत घ्यायचं नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो. पुढच्या चढावर मी भिंतीला टेकलो. ती शेजारी उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, उद्या परत, ह्याच वेळी, येणार ना? विचार करून सांगतो, असं म्हणणार होतो. पण दम इतका लागला होता की शब्दच बाहेर पडेनात. नुसती मान हलली. तिला तो होकार वाटला, आणि तिने माझा हात घट्ट धरला.