ताईची जाड हाडाची घोडी

४ मार्च
घोड्यांच्या जातीची वही ठेवणाऱ्या आमच्या समितीचं नवं पत्रक आलं. वॉर्मब्लड, म्हणजे आमच्या स्वारीच्या जातीचा घोडा, आता लांब पायांचा, बारीक मानेचा, लहान डोक्याचा हवा. पुढून उंच — सपाट जमिनीवरही चढण चढतोय असं वाटलं पाहिजे! पंचवीस वर्षांपूर्वी मी परीक्षक झालो तेव्हा पत्रकात 'रुंद छाती, जाड हाड' होतं. त्याच्याही आधी याच जातीचे घोडे आठवडाभर नांगर ओढून रविवारी बग्गीला जुंपले जायचे. जात बारीक होत गेली, परीक्षक जाड. माझं माप कुणी घेत नाही हे नशीब.

७ मार्च
तपासणीची यादी. अकराव्या क्रमांकावर ताईची घोडी. सख्ख्या बहिणीची घोडी तपासू नये असा नियम आहे का, शोधलं. नाही. सगळे नियम घोड्यांसाठीच.

११ मार्च
ताईचा फोन. "जातीच्या वहीत नोंद झाली तरच हिची शिंगरं खपतील रे. नाहीतर पागा बंद." मग हसून — "होईलच म्हणा. तू सांगितलंस तशीच झालीय."

तिची पहिली घोडी मीच नापास केली होती. 'फार किडकिडीत.' तेव्हापासून ताई बिचारी दर पिढीला घोडीला लावायला जाड हाडाचा घोडा शोधत आली. घोड्याची पिढी बदलायला वर्षं लागतात. समितीला मत बदलायला एक बैठक पुरते, तीही चहासकट.

१९ मार्च
तपासणी. छाती दाराएवढी, पाय खांबासारखे, स्वभाव गरीब. पायाच्या नळीभोवती टेप धरला — जुन्या पत्रकातला आकडा, तंतोतंत. सोबतच्या परीक्षक बाई कानाशी म्हणाल्या, "सर, ही म्युझियममध्ये शोभेल." मी हसलो. हसायला नको होतं. ताई लगाम धरून समोरच उभी होती.

शेरा लिहिला — 'जुन्या वळणाची. नामंजूर.' अक्षर मात्र सुरेख आलं.

ताई एवढंच म्हणाली, "मग आता मी काय करू, तेही पत्रकात आहे का?" मी पेनचं टोपण शोधत राहिलो. ते पेनलाच होतं.

२० मार्च
ताई फोन उचलत नाही.

२ एप्रिल
ताईने पागा विकली. सकाळी पाहतो तर घोडी माझ्या अंगणात बांधलेली. दोरीला चिठ्ठी — "तू सांगितलेल्या मापाची आहे. सांभाळ."