पिवळ्या भाताचा घास

मुन्झिरदादा,

तुझा पत्ता कुणी देत नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

हैकलवर, एका मुलावर, प्रेम केलंस म्हणून शरियतच्या कायद्यानं मशिदीसमोर तुला वेत मारले, तेव्हापासून तू घरी आला नाहीस. काल मी पदवीधर झाले. आईनं रीतीप्रमाणे गवताच्या जुडीनं माझ्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. पिवळ्या चिकट भाताचा पहिला घास आपल्यात थोरला भाऊच भरवतो, म्हणून मी तोंड मिटून बसले.

"खा की गं, पदवीवाली! किती भाव खातेस?" मावशी हसली.

"दादाला बोलवा, मग खाते."

"मला एकच लेकरू आहे," बाबा म्हणाले. "गप खा."

संकटातून परतलेल्यावरही आपण पाणी शिंपडतो ना? उरलेलं पाणी आईनं तुझ्या रिकाम्या खाटेवर शिंपडलं. बाबा बाहेर निघून गेले.

तुझ्या हातून खायचा घास मी झाकून ठेवला होता. आज तो आंबला.

तुझीच,
साफ्रिना