पडवीतली सहा लेकरं

मास्तर, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. मला अक्षर तुम्ही शिकवलंत, अमरावतीच्या शाळेत हाताखालची नोकरीही तुम्हीच लावून दिलीत. गुरूबद्दल मनात असं ठेवू नये म्हणतात. मी ठेवलं आहे.

कापसाच्या तेजीची वर्षं होती ती. लढाई पेटली होती दूर अमेरिकेत, आणि रांग लागायची आपल्या शाळेसमोरच्या वखारीत, कापसाने लादलेल्या बैलबंड्यांची. कापूस निवडायला बाया जायच्या, म्हाताऱ्यासुद्धा जायच्या. घरी लेकरांकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून कुणब्यामाळ्यांची चार-पाच वर्षांची सहा लेकरं मी मागच्या पडवीत बसवू लागलो. चिंचोके मांडायचे, धूळपाटीवर बोट फिरवायचं, गाणी म्हणायची. वर्गात माझ्या तोंडून 'मला'ऐवजी वऱ्हाडी 'मले' निघालं की मी लहान असताना तुम्ही छडी मारायचात, पुढे सगळ्यांदेखत हसायचात. पडवीत त्याच बोलीनं ती लेकरं खुलायची. त्यांत एक माळ्याची पोर होती, केसांत कायम झेंडूची पाकळी अडकलेली. महिन्याभरात तिला 'ग' येऊ लागला. मग जमिनीवर 'ग', भिंतीवर 'ग', आईच्या पाठीवरही बोटानं 'ग'.

तपासणीला साहेब येणार असं कळलं आणि तुम्ही पडवीत आलात. मला अजून दिसतं ते. तुम्ही छडीनं धूळपाटी उलटी करता, चिंचोके अंगणात उडतात, लेकरं भिंतीला चिकटतात.

"सात वर्षांखालच्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. ही शाळा आहे, कोंडवाडा नव्हे. काढा यांना बाहेर."

"यांना अक्षर ओळखता येतं, मास्तर. विचारून तरी पाहा."

"पटावर ज्यांची नावं नाहीत, त्यांना मी काही विचारत नसतो."

एक प्रश्न, मास्तर! एकच विचारायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या माळ्याच्या पोरीची आई तिला कडेवर घेऊन आली. "मोठे मास्तर, बसू द्या ना पोरीले इथं. काई तरास नाई देत ते. वखारीत बंड्यावर बंड्या येऊन राहिल्या, म्या हिले कुठं ठेवू?" तुम्ही म्हणालात, "मग कामाला जाऊ नकोस," आणि दार लावून घेतलंत. मी वर्गात उभा होतो, पोरांना पाढे सांगत. ती बाई पोरीला घेऊन वखारीत गेली. दुपारी बैल बुजले आणि बंडीचं चाक पोरीच्या उजव्या हातावरून गेलं. पोर वाचली. हाताची बोटं वाचली नाहीत.

मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही पट नीट करत होतात. मान वर न करता म्हणालात, "म्हणून तर आईबापांनी पोरं सांभाळायची असतात." तपासणी उत्तम झाली. साहेबांनी स्वच्छ पडवीची तारीफ केली आणि तुम्ही हसलात.

आता मी अकोल्यात हेडमास्तर आहे. माझ्या शाळेत लहान लेकरं समोरच्या खोलीत बसतात, पटावर नाव असो नसो. पातूरचे, मोर्शीचे हेडमास्तर भेटले की म्हणतात, एवढ्याशांना काय कळतं, उगाच गोंधळ. तुम्हाला त्यांनी कधी पाहिलंही नाही, तरी तुमचंच वाक्य बोलतात. माझं रक्त तापतं. एकाशी तर मी भर सभेत भांडलो.

हे पत्र घालायला तुमचा पत्ता उरलेला नाही, आणि असता तरी मी ते घातलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. त्या दिवशी पडवीत हुकूम देऊन तुम्ही आत निघून गेलात. लेकरांना हाताला धरून फाटकापर्यंत नेलं ते मी. फाटकात त्या पोरीनं माझं धोतर ओढून विचारलं, "गुर्जी, उद्या येऊ?" तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती, तिलाही झाली नाही. मी म्हणालो, "ये."